ब्लूटूथ : खिशातला करार

श्रोतेहो, आमचे आयुष्य करारांच्या वाटाघाटींत गेले. असाच एक करार आज आपल्या खिशात आहे. त्याचे नाव ब्लूटूथ.

स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९९४ साली या कामास आरंभ झाला. १९९८ साली एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल व तोशिबा या पाच कंपन्यांनी मिळून सर्वांसाठी एकच पद्धत ठरविली. तिला नाव दिले ते दहाव्या शतकातील डेन्मार्कच्या राजाचे. म्हणूनच एका कंपनीचा फोन आणि दुसरीचे कानातले यंत्र यांचे जुळते.

युक्ती सोपी आहे. दोन यंत्रे क्षीण रेडिओलहरींनी साधारण १० मीटरच्या आत बोलतात. इतरांच्या लहरींत बोलणे अडकू नये म्हणून ती सेकंदाला १६०० वेळांपर्यंत लहर बदलतात. याला तार लागत नाही, इंटरनेटही नाही. जिथे रेंज नाही अशा तळघरातही सभेचे पत्रक एका फोनवरून दुसऱ्यावर जाऊ शकते. कमी ऐकू येणाऱ्या आजोबांना नातवाचा आवाज थेट श्रवणयंत्रात मिळतो. शिवणयंत्रावरच्या भगिनीचे दोन्ही हात मोकळे राहतात.

मात्र हात मोकळे झाले म्हणून सुटीच्या दिवशीही साहेबाचा हुकूम कानात का यावा? जोडणी मागणाऱ्याला होकार द्यायचा की नकार, हे फोन आपल्यालाच विचारतो. अनोळखी यंत्राला नकारच द्यावा.

आणि बाजारात झुंजणारे मालक सोयीसाठी एका मेजाभोवती बसतात, तर एकाच खात्यात राबणाऱ्या आपण का बसू नये?