भाजलेल्या जागी कातडी येते कुठून?

उकळता चहा हातावर सांडला, थोड्या वेळात टरारून फोड आला, तो फुटला आणि खाली गुलाबी, ओलसर, हात लावू न देणारी जागा उघडी पडली, तर ती जखम अर्धवट खोलीची. दवाखान्यात तिला ‘सेकंड डिग्री’ म्हणतात. बाह्यत्वचा गेलेली असते, अंतस्त्वचेचा वरचा भाग भाजलेला असतो, खालचा मात्र जिवंत असतो. उपचारांची सगळी धडपड असते ती हा जिवंत भाग वाचवण्यासाठी.

नवी कातडी जखमेच्या फक्त कडेनं येते असं आपल्याला वाटतं. पण केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी अंतस्त्वचेत खोल रुतलेल्या असतात आणि त्यांना आतून बाह्यत्वचेच्याच पेशींचं अस्तर असतं. वरचं सारं जळालं तरी या पेशी तगतात, वर सरकतात आणि जखमेवर पसरतात. भरत आलेल्या जखमेवरचं ड्रेसिंग सोडलं की लालसर पृष्ठभागावर बारीक फिकट ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपक्याखाली एक केसाचं मूळ किंवा ग्रंथी कामाला लागलेली असते. पुढच्या ड्रेसिंगपर्यंत ते रुंदावतात, एकमेकांना मिळतात आणि दोन-तीन आठवड्यांत जखम झाकली जाते.

भाजणं जितकं खोल, तितकी ही मुळं कमी उरतात. म्हणून डॉक्टर जखमेवर हलकेच बोट दाबून पाहतात. जागा पांढरी पडून लगेच पुन्हा गुलाबी झाली तर रक्तपुरवठा शाबूत आहे. जखम पांढुरकी किंवा ठिगळाठिगळांनी लाल असेल, दाबल्यावर रंग बदलत नसेल आणि दुखतही कमी असेल, तर ती खोल आहे. दुखत नाही म्हणून घरचे निश्चिंत होतात, इथेच घात होतो. मज्जातंतूच भाजलेले असतात. तीन आठवड्यांत न भरणाऱ्या जखमेचा व्रण जाड होतो, सांध्यावर तो आखडतो. अशा वेळी मेलेला थर काढून मांडीची पातळ त्वचा तिथे बसवणं हाच चांगला उपाय.

खोली पहिल्याच दिवशी ठरत नाही, हेही महत्त्वाचं. 1953मध्ये ब्रिटिश शल्यचिकित्सक डग्लस जॅक्सन यांनी दाखवलं, की मेलेल्या भागाभोवती एक अर्धमेला पट्टा असतो. रक्तप्रवाह टिकला तर तो वाचतो. जखम सुकली, जंतुसंसर्ग झाला किंवा शरीरातलं पाणी कमी पडलं, तर दोन-तीन दिवसांत तोही मरतो.

पूर्वी जखम उघडी ठेवून सुकवणंच योग्य मानत. 1962मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगात झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगानं येते हे दाखवलं, आणि विचार बदलला. कोरड्या खपलीखालून वाट काढणं पेशींना जड जातं.

या विचाराला मुंबईनं दिलेली जोड मला फार मोलाची वाटते. परदेशी ड्रेसिंग गरिबाला परवडत नाही. 1980च्या दशकात डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली पट्टीवर चिकटवून, निर्जंतुक करून भाजलेल्या जखमांवर वापरल्या. साध्या गॉजखाली जखम सुकत होती, सालीखाली ती ओलसर राहत होती. 2003मध्ये शीव रुग्णालयातल्या डॉ. माधुरी गोरे आणि सहकाऱ्यांनी केळीच्या पानाच्या ड्रेसिंगची या सालींशी तुलना केली. जखमा सारख्याच भरल्या, पण पान कितीतरी स्वस्त पडलं. शिवाय मेणचट पृष्ठभागामुळे ते जखमेला चिकटत नाही. चिकटलेलं गॉज ओढताना रुग्ण किंचाळतो आणि नवी कातडीही सोलून निघते. हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना या गुणाचं मोल सांगायला नको. अर्थात ही पानं निर्जंतुक केलेली असतात. परसातलं पान तोडून जखमेवर ठेवू नये.

चांदीचं पांढरं मलम, सिल्व्हर सल्फाडायझिन, आजही सर्रास लावलं जातं. जंतू त्यानं आटोक्यात राहतात, पण नव्या पेशींनाही ते थोडं जाचतं. उथळ, स्वच्छ जखमेवर काही दिवस न उघडता ठेवायचं, न चिकटणारं ड्रेसिंग त्याहून बरं.

भाजल्यावर पहिलं काम मात्र घरच्यांचं. अंगठी, बांगड्या लगेच काढा आणि नळाचं वाहतं पाणी वीस मिनिटं सोडा. तीन तासांच्या आत केलं तरी उपयोग होतो. बर्फ, टूथपेस्ट, शाई, तूप, हळद काहीही लावू नका. फोड फोडू नका. स्वच्छ कापडानं झाकून दवाखाना गाठा. चेहरा, हात, सांधा किंवा गुप्तांग भाजलं असेल, किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर जखम केवढीही असो, उशीर करू नका.