साहेबांना सांगायचं कसं?

२८ डिसेंबर १९७८ च्या संध्याकाळी युनायटेड एअरलाइन्सचं एक डीसी-८ विमान अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराजवळ तासभर घिरट्या घालत होतं. चाकं खाली सोडताना मोठा हादरा बसला होता आणि ती पक्की बसल्याचा हिरवा दिवा काही लागत नव्हता. कॅप्टनचं सगळं लक्ष चाकांकडे आणि प्रवाशांच्या तयारीकडे लागलेलं. इकडे इंधन संपत चाललं होतं. आणखी पंधरा मिनिटं थांबलो तर इंधन फारच खाली जाईल, असं फ्लाइट इंजिनिअर बोललाही. कॅप्टननं ते ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. ‘आता उतरायलाच हवं’ असं मात्र कोणी निक्षून म्हटलं नाही. अखेर इंजिनं बंद पडली आणि विमान विमानतळाच्या अलीकडेच कोसळलं. १८९ पैकी दहा जण दगावले. त्यांत तो इंजिनिअरही होता.

हा कॅप्टन नवखा नव्हता. २७ हजारांहून अधिक तास उड्डाणाचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. पण एकाच प्रश्नात मन गुंतलं की अनुभवी माणसालाही दुसरा प्रश्न दिसेनासा होतो.

चौकशी अहवालानं कॅप्टनला तर जबाबदार धरलंच, पण सहकाऱ्यांना आपली काळजी त्याच्यापर्यंत नीट पोहोचवता आली नाही, हेही नोंदवलं. कॅप्टननं सर्वांना निर्णयात सामील करून घ्यायला शिकावं आणि इतरांनी ठामपणे बोलायला शिकावं, अशी शिफारस त्यात होती. आदल्याच वर्षी टेनेरिफ बेटावर दोन जम्बो विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसं मेली होती. तिथंही, समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नाही का, असं उड्डाण घेणाऱ्या विमानाच्या इंजिनिअरनं विचारलं होतं. ज्येष्ठ कॅप्टननं ठासून ‘झालं’ म्हटलं आणि विषय संपला. शंका प्रश्नाच्या रूपात आली, की एका शब्दात ती निकाली काढता येते.

यातून वैमानिकांसाठी ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ हे प्रशिक्षण उभं राहिलं. १९८१ मध्ये युनायटेडनं ते स्वतः सुरू केलं. त्यात ठाम बोलण्याची एक साधी रीत शिकवतात: आधी समोरच्याला नावानं हाक मारायची, काळजी वाटते हे उघड सांगायचं, मग काय दिसतंय ते, मग काय करावं ते, आणि शेवटी होकार मागायचा.

आपल्याकडच्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत ही रीत फार गरजेची आहे. समजा, माल ट्रकमध्ये चढतोय आणि तपासनिसाला शंका आहे. ‘साहेब, एकदा बघून घ्यायचं का?’ एवढंच तो बोलतो. त्यात आदर आहे, पण माहिती नाही. त्याऐवजी तो असं म्हणू शकतो: ‘साहेब, या बॅचची मला काळजी वाटते. पाच नमुन्यांपैकी दोनांना चीर आहे. ट्रक दोन तास थांबवू, आणखी वीस नग तपासू. चालेल ना?’ आदर तेवढाच राहिला, पण आता साहेबांसमोर पुरावा आहे आणि उपायही. नाही म्हणायचं तर त्यांना कारण द्यावं लागेल. ठाम बोलणं म्हणजे आवाज चढवणं नव्हे, ते हेच.

मात्र सगळा भार कनिष्ठांवर टाकणं अन्यायाचं आहे. बोलणाऱ्याला एकदा चारचौघांत झापलं, की पुढच्या वेळी तो गप्पच बसतो. बोलायची वाट वरिष्ठांनी आणि व्यवस्थेनंच मोकळी करायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या शस्त्रक्रिया तपासणी यादीत म्हणूनच पहिला छेद देण्यापूर्वी प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं, असं कलम आहे. एकदा तोंड उघडलेल्या परिचारिकेला पुढं शल्यविशारदाला थांबवणं कमी जड जातं. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं.

वरिष्ठानं सगळ्यांना सामील करून घेतलं तर काय होतं, तेही विमानातच दिसलं. १९ जुलै १९८९ ला युनायटेडच्याच एका डीसी-१० विमानाचं शेपटाकडचं इंजिन फुटलं आणि विमानावर ताबा ठेवणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवाशांत बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकाचीही मदत घेतली; सगळ्यांनी मिळून इंजिनांच्या जोरावर विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. २९६ पैकी १८४ जण वाचले. पुढं अनेक व्याख्यानांत हेन्स यांनी त्याचं श्रेय क्रू रिसोर्स मॅनेजमेंटच्या प्रशिक्षणाला दिलं.