वेल, कात्री आणि द्राक्षारस

कोसाडला आमच्या घरी दारूचा विषय निघत नाही. गुजरातमध्ये दारूबंदी आहे म्हणून नव्हे. आजोबा दारूपायी गेले म्हणून. तरी दर रविवारी मिस्सेत वेदीवर द्राक्षारस असतोच. तो बनतो कसा, हे बघायला फेब्रुवारीत मामासोबत दिंडोरीजवळच्या एका घरगुती वायनरीत गेलो.

सुरत समुद्रालगत, तर नाशिकचं पठार साधारण ६०० मीटर उंच. दिवसाच्या उन्हात द्राक्षांत साखर भरते, थंड रात्री आंबटपणा टिकवतात. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो. इथे झोपतच नाही. म्हणून छाटणी दोनदा: एप्रिलच्या सुमारास काडी तयार व्हायला, पावसाळा सरताना फळासाठी. पीक मात्र एकदाच, साधारण जानेवारी ते मार्च. योहानाच्या शुभवर्तमानातली छाटणी मला आजवर शिक्षाच वाटायची. बांधावर उभं राहिल्यावर कळलं, ती काळजी आहे.

टाकीत यीस्ट रसातली साखर खातं. त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. रेड वाइनसाठी साली रसातच ठेवतात, रंग तिथूनच येतो. व्हाइटसाठी आधीच काढतात. मिस्सेसाठी चर्चचा नियम साधा: द्राक्षारस निव्वळ द्राक्षांचा हवा, बिघडलेला नको.

मालकीणबाईंनी ग्लास पुढे केला. "घे रे, थोडीशी." मी वास घेतला आणि परत दिला. त्यांनी कारण विचारलं नाही. एक घड हातावर ठेवला.

घरी आईने एक मणी खाल्ला. "बिया फार आहेत," म्हणाली. आणि दुसरा उचलला.