व्याख्यान ऐका, मग चालवून पाहा

ऑक्टोबर 2003 मध्ये अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, बोल्टन लँडिंग या गावी, ऑपरेटिंग सिस्टिमवर काम करणाऱ्या संशोधकांची परिषद भरली होती. ‘एसओएसपी’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी ही परिषद या क्षेत्रात फार मानाची समजली जाते. तिथे केंब्रिज विद्यापीठाच्या गटाने ‘झेन’ नावाची प्रणाली मांडली. दावा मोठा होता. एकाच सर्व्हरवर शंभरपर्यंत आभासी संगणक एकमेकांना धक्का न लावता चालवायचे आणि वेगात घट जेमतेमच होऊ द्यायची. शोधनिबंधात तुलनेचे आलेख होते: थेट हार्डवेअरवर चालणारं लिनक्स, झेनवरचं लिनक्स, व्हीएमवेअर या कंपनीचं ‘वर्कस्टेशन’ वगैरे. मात्र सर्व्हरसाठीच्या ‘व्हीएमवेअर ईएसएक्स’चे आकडे त्यात नव्हते. ते उत्पादन तपासलं आहे, पण वापर-परवान्याच्या अटींमुळे त्याचे आकडे देता येत नाहीत, असं निबंधातच नमूद होतं. मोजमाप झालंय, पण सांगायची मुभा नाही! भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात असं वाक्य कुणी खपवून घेतलं नसतं. तांत्रिक परिषदांमधल्या भाषणांकडे आपण बहुधा कंपन्यांची जाहिरातबाजी किंवा जाणकारांच्या आपसातल्या गप्पा म्हणून पाहतो. मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिमवरची चांगली व्याख्यानं मात्र प्रयोगशाळेतल्या प्रयोगाच्या फार जवळ जातात, कारण वक्त्याचा दावा श्रोत्याला घरी जाऊन स्वतःच्या यंत्रावर तपासता येतो.

झेनचा दावा नेमका कशाबद्दल होता, ते आधी पाहू. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, हा संगणकाचा एकमेव मालक असल्यासारखा वागतो. मेमरी कुणाला द्यायची, प्रोसेसरला मध्येच कोण थांबवू शकतं, हे सगळं तोच ठरवतो. एकाच यंत्रावर असे चार मालक नांदवायचे, तर त्यांच्या वर ‘हायपरव्हायजर’ बसवावा लागतो आणि चारही कर्नलना गुपचूप कमी अधिकारांवर आणावं लागतं. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी 1973 मध्ये एसओएसपी याच परिषदेत, आणि पुढच्या वर्षी छापील स्वरूपात, यासाठीची अट काटेकोरपणे मांडली. यंत्राच्या मालकीशी संबंध असलेली प्रत्येक सूचना कमी अधिकारात चालवली गेली, तर प्रोसेसरने तिथेच थबकून हायपरव्हायजरला हाक मारली पाहिजे. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर हे जमत होतं. घरोघरी पोचलेल्या इंटेलच्या प्रोसेसरवर जमत नव्हतं. ‘पॉपएफ’ ही त्याची एक सूचनाच पाहा. तिच्यामार्फत कर्नल ‘आता मला कुणी व्यत्यय आणू नये’ असं प्रोसेसरला सांगू शकतो. पण कमी अधिकारातल्या कर्नलने ती वापरली, तर प्रोसेसर तक्रारही करत नाही आणि आज्ञाही पाळत नाही. सूचनेतला तेवढा भाग तो निमूट गिळून टाकतो. कर्नलला वाटतं व्यत्यय बंद झाले, प्रत्यक्षात ते चालूच असतात, आणि हायपरव्हायजरला यातलं काहीच कळत नाही. 2000 साली डेन्व्हरला झालेल्या, ‘युसनिक्स’ या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेच्या सुरक्षा परिषदेत रॉबिन आणि अर्विन यांनी पेंटियमच्या सुमारे 250 सूचना एकेक करून तपासल्याचं मांडलं. अट मोडणाऱ्या सूचना त्यांना 17 सापडल्या.

यातून दोन वाटा निघाल्या. स्टॅनफर्डच्या ‘डिस्को’ या प्रकल्पातल्या संशोधकांच्या पुढाकाराने 1998 मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने कर्नलचा यंत्रभाषेतला कोड चालता चालताच तपासून या अडचणीच्या सूचना बदलून टाकण्याचं कसब साधलं. केंब्रिजच्या गटाने सरळ कर्नलच बदलला. ‘आपण भाड्याच्या घरात राहतो’ हे कर्नलला मोकळेपणाने सांगून टाकायचं, म्हणजे तो मालकासारखा वागणारच नाही. लिनक्समध्ये यासाठी सुमारे 3,000 ओळींचा फरक करावा लागला. प्रोसेसरशी निगडित भाग धरून मोजलेल्या कोडच्या दीड टक्क्याहूनही हे प्रमाण कमी होतं. मात्र कर्नल बदलायचा तर तो बदलण्याची आणि बदललेला वाटण्याची मुभा हवी. लिनक्सचा परवाना ती देतो. म्हणजे झेनची मूळ कल्पनाच मुक्तस्रोतावर उभी होती.

पुढची घटना माझ्या मते झेनच्या निबंधाइतकीच महत्त्वाची आहे, पण तिची चर्चा फारशी होत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्याच क्लार्कसन विद्यापीठातल्या एका गटाने झेनच्या चाचण्या पहिल्यापासून पुन्हा करून पाहिल्या आणि 2004 मध्ये बॉस्टनला युसनिक्सच्या वार्षिक परिषदेत त्यावर निबंध सादर केला. निबंधाच्या नावात झेनच्या निबंधाच्या नावाची गमतीदार फिरवाफिरव होती, पण काम गंभीर होतं. झेनचा कोड उपलब्ध होता, लिनक्सचाही होता. मूळ यंत्रासारखं यंत्र मिळवून त्यांनी चाचण्या चालवल्या आणि केंब्रिजचे मुख्य निष्कर्ष टिकतात असं दाखवलं. तेवढ्यावर न थांबता मूळ निबंधात नसलेले प्रश्नही त्यांनी विचारले. साध्या, जुन्या पीसीवर झेन उपयोगी पडेल का? आयबीएमच्या महागड्या मेनफ्रेमवरच्या आभासीकरणापुढे स्वस्त पीसीवरचं झेन कुठे बसतं? संगणकशास्त्रात नव्याचं कौतुक फार असतं. दुसऱ्याचा प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्याला तिथे सहसा कुणी व्यासपीठ देत नाही. त्यामुळे हा निबंध परिषदेच्या मुक्त सॉफ्टवेअरसाठी राखलेल्या विभागात मांडला गेला, याचं मला नवल वाटत नाही. पुनःप्रयोगाची किंमत कळणारे लोक तिथेच बसलेले होते.

मुक्तस्रोत व्याख्यानं प्रयोगाच्या जवळ जातात, या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा की बंद कंपन्याही प्रामाणिक, भक्कम व्याख्यानं देतात. ते खरंच आहे, आणि उत्तम उदाहरण व्हीएमवेअरचंच आहे. इंटेल आणि एएमडी यांनी 2005-06 मध्ये आभासीकरणाची सोय प्रोसेसरमध्येच आणली, तेव्हा सॉफ्टवेअरच्या युक्त्यांचे दिवस संपले असं सर्वांनी गृहीत धरलं. व्हीएमवेअरच्या कीथ अ‍ॅडम्स आणि ओले अ‍ॅगेसन यांनी 2006 मध्ये ‘अ‍ॅस्प्लॉस’ या परिषदेत दाखवलं की हार्डवेअरची ती पहिली पिढी पुष्कळदा त्यांच्या सॉफ्टवेअरपेक्षा हळू पडते. कारणही त्यांनी नेमकं दिलं: कर्नल आणि हायपरव्हायजर यांच्यातली ये-जा महाग होती आणि मेमरीचे तक्ते सांभाळायला हार्डवेअरची मदत अजून मिळत नव्हती. ती मदत पुढच्या पिढ्यांत आली. तो निबंध आजही वाचावा असा आहे. तरीही त्यातली एक बाजू, म्हणजे त्यांचं कोड बदलणारं यंत्र, बाहेरच्या कुणाला उघडून पाहता येत नव्हती. निष्कर्ष बरोबर निघाले, पण ते स्वीकारताना श्रोत्याला विश्वास ठेवावा लागला. क्लार्कसनच्या गटाला झेनच्या बाबतीत त्याची गरज पडली नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे: कोड खुला असला म्हणून तो कुणी वाचतो थोडंच? मे 2015 मध्ये ‘व्हेनम’ नावाने गाजलेली चूक हा त्याचा धडधडीत पुरावा. क्यूईएमयू हा मुक्तस्रोत प्रोग्राम आभासी संगणकाला डिस्क, नेटवर्क कार्ड वगैरे खोटी उपकरणं पुरवतो. त्यात फ्लॉपी डिस्कचा नियंत्रकही होता. त्याच्याकडे येणाऱ्या सूचना 512 बाइटच्या एका साठ्यात जमा होत. सूचना पूर्ण झाली की साठ्याची मोजणी शून्यावर आणायची, असा नियम. दोन सूचनांच्या बाबतीत हे वेळेवर होत नव्हतं, त्यामुळे साठा ओसंडून शेजारच्या मेमरीवर लिहिता येत होतं आणि आभासी संगणकातून बाहेर निसटायची वाट मोकळी होत होती. ही चूक 2004 पासून तशीच पडून होती. फ्लॉपी इतिहासजमा झाली तरी तिचा कोड जिवंत राहिला, आणि आभासी यंत्रातून फ्लॉपी काढून टाकली तरी तो चालूच राहत होता. अकरा वर्षं कोड सर्वांसमोर होता आणि कुणाचं लक्ष गेलं नाही. तेव्हा मुक्तस्रोत म्हणजे आपोआप सुरक्षित, हा दावा टिकत नाही आणि मी तो करणारही नाही. खुलेपणामुळे तपासणी शक्य होते, तपासायचं काम कुणाला तरी करावंच लागतं. चूक कुठून आली याची चर्चा मात्र खुल्या कोडमुळे ओळीओळीपर्यंत जाऊ शकते, आणि पुढची रचना त्यातून शिकू शकते. 2020 मध्ये अ‍ॅमेझॉनच्या अभियंत्यांनी ‘एनएसडीआय’ परिषदेत मांडलेल्या ‘फायरक्रॅकर’ या आभासी यंत्रं चालवणाऱ्या मुक्तस्रोत प्रोग्राममध्ये खोट्या उपकरणांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी ठेवली आहे. कीबोर्डचा नियंत्रक आहे, पण तोही अर्धामुर्धा, यंत्र बंद करण्यापुरता. क्यूईएमयूच्या 14 लाखांहून अधिक ओळींसमोर फायरक्रॅकरच्या ओळी सुमारे 50 हजार भरतात. ओळी मोजून पाहायलाही कुणाची परवानगी लागत नाही.

तिसरा आक्षेप जाहिरातीचा. लिनक्सवर काम करणारे बहुतेक लोक आज कुठल्या ना कुठल्या कंपनीचे पगारदार आहेत, मग त्यांची भाषणं निर्मळ कशी मानायची? मानू नयेतच. मार्च 2013 मध्ये सांता क्लारा इथल्या पायकॉन परिषदेत अवघ्या पाच मिनिटांच्या सादरीकरणातून ‘डॉकर’ जगासमोर आलं आणि पुढे त्याचा गाजावाजा अफाट झाला. पण एकाच कर्नलवर कामांना वेगवेगळ्या कोठड्यांत ठेवायची युक्ती फ्रीबीएसडीच्या ‘जेल’ या सोयीत होती, आणि पॉल-हेनिंग कॅम्प व रॉबर्ट वॉटसन यांनी ती 2000 मध्येच मास्ट्रिख्टच्या परिषदेत समजावली होती. खुल्या जगातही जुनी कल्पना नव्या वेष्टनात विकली जाते. फरक इतकाच की दोन्हींचा कोड समोरासमोर ठेवून नवं काय आणि जुनं काय हे ठरवता येतं. शिवाय इथे क्रम बहुधा उलटा असतो: आधी कोड, मग व्याख्यान. लिनक्सच्या कर्नललाच हायपरव्हायजर बनवणारं ‘केव्हीएम’ फेब्रुवारी 2007 मध्ये लिनक्सच्या 2.6.20 या आवृत्तीत दाखल झालं, आणि त्यावरचा निबंध ओटावाच्या लिनक्स परिषदेत त्यानंतर जूनमध्ये वाचला गेला. लोक कोड आधीच वापरत असताना व्यासपीठावरून फुगवून सांगायला फारशी जागा उरत नाही.

गेल्या काही वर्षांत मोठ्या परिषदांनी निबंधाबरोबर कोड आणि चाचण्यांची सामग्री तपासून घेण्याची पद्धत सुरू केली आहे. ती स्वागतार्ह असली तरी ती तपासणी निवडक परीक्षक, ठरलेल्या मुदतीत करतात. वर्षभर निवांत प्रयोग करू शकणारा वर्ग वेगळाच आहे, आणि तो महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत हजारोंनी आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी हजेरीचं आणखी एक अ‍ॅप करण्याऐवजी एखादं जुनं व्याख्यान निवडा. युसनिक्सचे निबंध 2008 पासून सर्वांना फुकट वाचता येतात. केव्हीएम लिनक्समध्ये आहेच. प्रयोगशाळेतला पीसी अगदी पुरातन नसेल, तर बायोसमध्ये आभासीकरणाची सोय चालू करण्यापलीकडे काही लागत नाही. फायरक्रॅकरच्या निबंधात आभासी यंत्र सुरू व्हायला लागणाऱ्या वेळाचा आकडा 125 मिलिसेकंद दिला आहे. तुमच्या यंत्रावर तो किती येतो ते मोजा, वेगळा आला तर का आला ते शोधा, आणि पुण्यातल्या ‘ग्नूनिफाय’सारख्या एखाद्या मेळाव्यात ते उभं राहून सांगा, तुमच्या कोडसकट.