जुन्या जीपचे ब्रेक सुधारताना

जुन्या जीपला चारही चाकांवर ड्रम ब्रेक असतात. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपचे ड्रम 9 इंच व्यासाचे होते. पुढे महिंद्राने मुंबईत जोडलेल्या जीप याच घराण्यातल्या. ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या वेगाला आणि अरुंद टायरांना हे ब्रेक पुरत. आज याच गाड्यांना मोठी डिझेल इंजिने आणि रुंद टायर बसवले जातात व त्या महामार्गावर धावतात. थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे 60 ऐवजी 80च्या वेगातून थांबताना ब्रेकवर जवळजवळ पावणेदोन पट भार येतो.

ड्रममध्ये दोन शू बाहेरच्या बाजूला पसरून ड्रमच्या आतल्या भिंतीला घासतात. फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःच आवळत नेतो, म्हणून कमी जोरातही ब्रेक लागतो. दोष उष्णतेचा आहे. घाट उतरताना सतत ब्रेक दाबल्यास ड्रम तापून फुगतो, शूला जास्त अंतर जावे लागते, पेडल खाली जाते आणि शूवरच्या तापलेल्या लायनरची पकडही घटते. ओढा ओलांडल्यावर आत शिरलेले पाणी काही काळ ब्रेक लागू देत नाही. डिस्क ब्रेकमध्ये कॅलिपर चाकाबरोबर फिरणारी चकती, म्हणजे डिस्क, दोन पॅडमध्ये आवळतो. डिस्क उघडी असल्याने लवकर थंड होते आणि पाणी झटकते.

तरीही सुधारणेची सुरुवात डिस्कपासून होऊ नये. आधी आहे ते ब्रेक धड करावे लागतात. गळके व्हील सिलिंडर, ऑइलने भिजलेले लायनर, गंजलेल्या नळ्या आणि आतून फुगलेले रबरी होज बदलावेत. ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासापलीकडे घासलेला ड्रम पुन्हा लेथवर लावू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून आतली धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी. एवढ्यानेच कित्येक गाड्या सरळ आणि वेळेवर थांबू लागतात.

दुसरी पायरी पेडलच्या जोराने ऑइल दाबणाऱ्या मास्टर सिलिंडरची. जुन्या जीपचा मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा असतो. एका चाकाची नळी फुटली तरी चारही ब्रेक जातात. दोन कप्प्यांच्या सिलिंडरमध्ये पुढची आणि मागची चाके स्वतंत्र असल्याने एक बाजू गेली तरी दुसरी उरते. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा बदल डिस्कपेक्षाही मोलाचा आहे.

डिस्कला ड्रमसारखे स्वतः आवळले जाण्याचे साहाय्य नसते, म्हणून तिला अधिक दाब लागतो आणि पायाच्या जोराला साहाय्य करणाऱ्या व्हॅक्यूम बूस्टरची गरज पडते. पेट्रोल इंजिनात हा व्हॅक्यूम इनटेक मॅनिफोल्डमधून मिळतो. डिझेल इंजिनात तो पुरेसा नसल्याने वेगळा पंप लागतो. तो अनेकदा अल्टरनेटरच्या मागेच बसवलेला असतो. कॅलिपरच्या मोठ्या पिस्टनला ऑइलही जास्त लागते, पण म्हणून मास्टर सिलिंडर हवा तेवढा मोठा घेता येत नाही. त्याचा व्यास पाऊण इंचावरून एक इंच केला, तर पायाचा जोर तोच राहून दाब जवळजवळ निम्म्यावर येतो. सिलिंडर, बूस्टर आणि कॅलिपर परस्परांना जुळणारेच निवडावेत.

बहुतेक गाड्यांना पुढच्या दोन डिस्क पुरेशा होतात, कारण ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकांवर येते. डिस्क बसवताना हब, नकल आणि कॅलिपरचा ब्रॅकेट जुळावा लागतो. रिमच्या आत कॅलिपरला जागाही हवी. ब्रॅकेट वेल्डिंगने अंदाजे जोडणे धोक्याचे आहे. मागे ड्रमच ठेवल्यास तिथला दाब नियंत्रित करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लागू शकतो. मागची चाके आधी जाम झाली, तर गाडी गरकन फिरते.

जीपचा मास्टर सिलिंडर पायाखालच्या फळीखाली, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर असला तर ऑइल मागे ओघळते. ते रोखायला डिस्कच्या लाइनमध्ये सुमारे 2 पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह बसवतात. ड्रमसाठीचा व्हॉल्व्ह सुमारे 10 पीएसआयचा असतो. तोच डिस्कच्या लाइनमध्ये राहिला, तर पॅड सतत घासत राहून तापतात.

ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते. डॉट 3 दर्जाच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असतो. पाणी मुरल्यावर तो 140पर्यंत उतरू शकतो. डॉट 4चे हेच आकडे 230 आणि 155 आहेत. उकळलेल्या ऑइलची वाफ होते आणि पेडल पोकळ लागते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलावे. सिलिकॉनचे डॉट 5 यात मिसळू नये.

हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. कॅलिपरचा हवा सोडण्याचा निपल वरच्या बाजूला असावा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तर हवा आतच अडकते. नवे पॅड बसण्यासाठी मध्यम वेगातून, पूर्ण न थांबता, बऱ्याच वेळा ब्रेक लावून मध्ये थंड होऊ द्यावे. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते का, हे तपासावे.

मोटार वाहन कायदा, 1988च्या कलम 52 मध्ये वाहनातील बदलांवर निर्बंध आहेत. त्यामुळे काम हाती घेण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात चौकशी करावी आणि विमा कंपनीलाही कळवावे.