बांधावरचे गवत आणि न थांबणारी खाज

गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, भारतात ठळकपणे नजरेत आले ते १९५५ मध्ये, पुण्यात. जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला ते नवे नाही. त्यातील पार्थेनिन या रसायनाची ॲलर्जी जडली की पापण्या, मान, कोपरांचे खळगे लाल होऊन खाजतात. पुढे कातडी जाड, काळपट होते. वाळलेल्या गवताची धूळ वाऱ्यावर उडते, म्हणून गवताला हात न लावताही त्रास होतो. अनेकांना हा नायटा वाटतो आणि दुकानातून स्टेरॉइडमिश्रित मलम येते. ही चूक महागात पडते, कारण खरा नायटा असेल तर तो या मलमाने उलट पसरतो. निदानासाठी पाठीवर ॲलर्जीच्या पट्ट्या चिकटवतात, ४८ तासांनी काढून त्वचा तपासतात. जुनाट आजारात ॲझाथायोप्रिन हे औषध गुणकारी ठरते, मात्र रक्ततपासणी करत राहावी लागते. गवत फुलण्याआधीच, हातमोजे घालून उपटावे. ॲलर्जी असलेल्याने ते काम दुसऱ्याकडे सोपवावे.