तळहाताएवढा संगणक घरात नांदेल का?

पत्त्यांच्या कॅटाएवढा एक हिरवा बोर्ड. त्यावर दोन-चार काळ्या चिपा आणि कडेला वायरी खोचायच्या खाचा. एवढ्याशा वस्तूला जुना पडदा, की-बोर्ड आणि माउस जोडला की त्यावर पत्र लिहिता येते, बँकेचा व्यवहार होतो, मुलांचा अभ्यास चालतो आणि आजोबांचे कीर्तनही वाजते. किंमत लॅपटॉपपेक्षा कितीतरी कमी. मग नवा संगणक घ्यायचा विचार निघाला की हाच का घेऊ नये, असे घरातले कॉलेजकुमार विचारणारच!

प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर बोर्डापेक्षा त्या घरातल्या कामांवर अवलंबून आहे.

या जातीला सिंगल बोर्ड संगणक म्हणतात. त्यातला सर्वांत प्रसिद्ध ‘रास्पबेरी पाय’ २९ फेब्रुवारी २०१२ रोजी इंग्लंडमध्ये विक्रीला आला. किंमत ३५ डॉलर, रॅम अवघी २५६ एमबी. केंब्रिजच्या एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक चिंता होती. संगणकशास्त्राला येणारी मुले कमी होत चालली होती आणि जी येत त्यांनी स्वतः प्रोग्राम फारसे लिहिलेले नसत. आधीची पिढी १९८० च्या दशकातल्या ‘बीबीसी मायक्रो’वर खेळत वाढली होती. (तोच बीबीसी मायक्रो भारतातही आला होता. १९८४ साली सुरू झालेल्या सरकारच्या ‘क्लास’ योजनेत अनेक शाळांतल्या मुलांनी पहिल्यांदा की-बोर्डला हात लावला तो त्याच्याच.)

म्हणजे हा बोर्ड जन्माला आला तो मुलांना शिकवण्यासाठी. रोजच्या कामाला तो बरीच वर्षे अपुरा होता. एक वेबपान उघडेपर्यंत चहा व्हायचा. २०१९ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून चित्र बदलले आणि २०२३ च्या पाचव्या आवृत्तीने ते पुष्कळच सुधारले. आज घरकामासाठी घ्यायचा तर पाचवीच घ्यावी. चौथी स्वस्तात मिळाली तर टंकलेखन आणि ई-मेलपुरती चालेल, पण सवय लॅपटॉपची असेल तर तिचा संथपणा जाणवतो.

रॅमच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. ब्राउझरमध्ये पाच-सहा पाने उघडली की दोन जीबी रॅमचा बोर्ड धापा टाकू लागतो. चार जीबी किमान, आठ जीबी उत्तम. घरगुती कामाला सोळा जीबी म्हणजे लग्नाची पंगत नसताना आणलेले मोठे पातेले! शिवाय ही रॅम बोर्डावरच झाळलेली असते, ती मागाहून वाढवता येत नाही. २०२५ च्या अखेरीस मेमरी चिपा महागल्या आणि त्याबरोबर हे बोर्डही महागले. तेव्हा ‘३५ डॉलरचा संगणक’ ही जुनी कीर्ती मनातून काढून टाकावी.

बोर्ड स्वस्त, संसार महाग

बोर्ड घरी आला म्हणजे संगणक आला असे नाही. पाचव्या आवृत्तीला ५ व्होल्ट, ५ अँपिअर देणारा खास ॲडॅप्टर लागतो. मोबाइलचा चार्जर कितीही ‘फास्ट’ असला तरी ५ व्होल्टवर एवढी वीज बहुधा देत नाही. मग बोर्ड चालतो, पण यूएसबीला जोडलेल्या वस्तूंना हात आखडून वीज देतो आणि बाहेरची डिस्क मध्येच सुटते. दोष ॲडॅप्टरचा, शिव्या खातो बोर्ड.

त्यानंतर पंखा किंवा ॲल्युमिनियमची तापरोधक पट्टी, डबी आणि मायक्रो एचडीएमआयची वेगळी वायर. पाचव्या आवृत्तीत हेडफोनची खाच नाही, म्हणून आवाज पडद्याच्या स्पीकरमधून, यूएसबीतून किंवा ब्लूटूथने घ्यावा लागतो. हा सगळा पसारा नको असेल तर की-बोर्डच्या पोटातच संगणक बसवलेला ‘पाय ५००’ २०२४ च्या अखेरीस आला आहे. त्यात आठ जीबी रॅम आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी तो अधिक सोयीचा.

सर्वांत दुबळी जागा म्हणजे मेमरी कार्ड. बोर्डाची सारी व्यवस्था त्या नखाएवढ्या कार्डावर असते. लिहिण्याचे काम चालू असताना लाइट गेली की ते बिघडू शकते आणि आपल्याकडे लाइट सांगून जात नाही. त्यामुळे निळ्या यूएसबी खाचेत लहानशी एसएसडी लावून संगणक तिच्यावरून सुरू करावा. वेग वाढतो, काळजी घटते. वीज फारच कमी लागत असल्याने घरच्या इन्व्हर्टरवर बोर्डाचे ओझे जाणवतही नाही. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस मात्र बहुधा १२ व्होल्टचा असतो. तो थेट जोडू नये.

खरी अडचण प्रोग्रामची

या बोर्डाचा प्रोसेसर ‘आर्म’ जातीचा, म्हणजे आपल्या मोबाइलच्या गोत्रातला. नेहमीच्या संगणकात इंटेल किंवा एएमडीचा असतो. पायवर लिनक्स चालते. विंडोजसाठी लिहिलेले प्रोग्राम त्यावर सरळ चालत नाहीत. हिशेबासाठी टॅली वापरणाऱ्या दुकानदाराने इथेच थांबावे. जीएसटी किंवा निविदेसाठी डिजिटल सहीचे यूएसबी टोकन लागत असेल तर त्याचे प्रोग्राम आर्म लिनक्ससाठी मिळतात का, हे आधी विचारावे. एमएस-सीआयटीला बसलेल्या मुलीला सरावासाठी विंडोज आणि वर्डच हवे.

मराठीचे काय? युनिकोडमध्ये लिहिणाऱ्यांना अडचण नाही. लिनक्समध्ये इन्स्क्रिप्ट की-बोर्ड मिळतो, उच्चारानुसार लिहिण्याचीही सोय आहे आणि लिबरऑफिसमध्ये जोडाक्षरे व्यवस्थित उमटतात. पण ज्यांची हयात श्री-लिपीच्या जुन्या फाँटमध्ये पत्रिका आणि स्मरणिका जुळवण्यात गेली, त्यांना ती टंकनाची व्यवस्था इथे मिळणार नाही. जुन्या फाइली उघडल्या तर देवनागरीऐवजी चिन्हांचा गोंधळ दिसेल.

प्रिंटरही पाहून घ्यावा. कचेऱ्यांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत हमखास दिसणारे काही छोटे लेझर प्रिंटर असे आहेत, की त्यांचा लिनक्स ड्रायव्हर कंपनीने इंटेल जातीसाठीच दिला आहे.

रास्पबेरीचे स्पर्धकही आहेत. ऑरेंज पाय ५ आणि राडक्सा रॉक ५ कागदावर सरस दिसतात. आठ गाभ्यांचा प्रोसेसर ही काही लहान गोष्ट नाही. पण त्यांना लागणाऱ्या प्रोग्रामची देखभाल तेवढी पक्की नसते आणि अडचण आली तर विचारायला माणसे कमी. घरात लिनक्सचा जाणकार असल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नये. विंडोज हवेच असेल तर इंटेल एन १०० चिपचा ‘राडक्सा एक्स ४’सारखा बोर्ड किंवा त्याच चिपचा तयार मिनी पीसी पाहावा.

आणखी एक पर्याय बऱ्याचदा माळ्यावरच असतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने कितीतरी धडधाकट संगणक अडगळीत गेले. त्यात एसएसडी घालून लिनक्स बसवले तर नव्या बोर्डाच्या निम्म्या खर्चात काम भागू शकते. वीज मात्र तो जास्त खाईल आणि जागाही अडवेल.

निर्णयाआधी एक प्रयोग करावा. पेन ड्राइव्हवर लिनक्स घेऊन घरच्या किंवा शेजारच्या संगणकावर आठवडाभर फक्त तेच वापरावे. आईने बँकेचे काम करावे, मुलाने प्रकल्प लिहावा, वडिलांनी मराठीत अर्ज टंकित करून पाहावा. प्रिंटरची परीक्षा या प्रयोगात पुरी होत नाही, कारण इथला प्रोसेसर इंटेल जातीचा असेल. त्याचे मॉडेल पाहून दुकानदाराला आर्मविषयी वेगळे विचारावे. आठवड्यात कोणाला विंडोजकडे किती वेळा परतावे लागले आणि कोणत्या कामासाठी, ते एका कागदावर टिपून ठेवावे आणि खरेदीला जाताना तो कागद बरोबर न्यावा.